उन्हात ठेवलेले सेल

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, की यांचं स्वरयंत्र काढावं लागेल. शस्त्रक्रियेला महिना होता. परतीच्या बसमधून केजला उतरल्यावर हे घराकडे न वळता बाजारात शिरले आणि टेपरेकॉर्डरच्या दुकानासमोर थांबले.

हे शाळेत दहावीला भूमिती शिकवत. आवाज आहे तोवर सगळे धडे कॅसेटवर भरून ठेवायचे, हे त्यांनी बसमध्येच ठरवलं असावं.

त्या वर्षांत दुकानं परदेशी मालानं भरायला लागली होती. दुकानदार यांचा जुना विद्यार्थी. त्यानं दोन कॅसेटचं, मोठ्या स्पीकरचं यंत्र काउंटरवर ठेवलं.

"गुर्जी, हे न्या. वरातीत लावलं तर गल्ली हालती."

"मला गल्ली हलवायची नाही. भूमिती शिकवायचीय."

"मग ह्यो चपटा घ्या. भूमितीवर कुनी नाचायचं न्हाई."

हे हसले, मग खोकले. चपटं यंत्र त्यांनी बराच वेळ तपासलं. विजेवर लावलं की बोलण्यामागे घरघर उमटायची, सेलवर उमटत नव्हती. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेमही नव्हता. म्हणून सेलवरच भरायचं ठरलं. आतला माईक यंत्राचीच खरखर पकडत होता, तेव्हा वायरचा वेगळा माईक घेतला.

आतल्या खोलीच्या खिडकीवर आणि दारावर गोधड्या टांगल्या. पंखा बंद. उन्हाळा लागला होता. कॅसेट उलटायला मी आत बसायची, बांगड्यांवर रुमाल गुंडाळून. धडा संपेपर्यंत दार उघडायचं नाही, कारण उघडलं की रस्त्यावरच्या जीपचा हॉर्न आत यायचा. घाम डोळ्यांत उतरला तरी हात हलवता येत नसे.

डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं. उरलेलं सगळं बोलणं यांनी यंत्रासाठी राखून ठेवलं. मी चहाचं विचारलं तर मानेनं सांगत. पुढं कसं करायचं, असं एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी माईक जवळ ओढला आणि म्हणाले, "समजा, एबीसी हा एक त्रिकोण आहे." त्यांच्यापासून हातभर अंतरावर मी महिनाभर बसले, आणि त्यातला एक शब्दही माझ्यासाठी नव्हता.

टॉर्चचे सेल उतरले की आमच्याकडे ते फेकत नसत, उन्हात ठेवत. तापले की आणखी थोडे चालत. यांनी या सेलचंही तेच केलं. दुपारी ओट्यावर सेल मांडलेले असत. सेल उतरल्यामुळे फीत हळू फिरते आहे, हे आमच्या ध्यानात आलं नाही. भरलेला धडा आम्ही त्याच सेलवर ऐकत होतो आणि तो बरोबर वाटत होता.

शस्त्रक्रियेनंतर शाळेतली मुलं घरी आली. त्या दिवशी वीज होती, त्यांनी यंत्राला वायर लावली. विजेवर फीत पुऱ्या वेगानं फिरली आणि चिरका, घाईघाईचा आवाज आला, एखादं पोर पाठांतर म्हणून दाखवतंय तसा. एका मुलीनं ओढणी तोंडाला लावली. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहणं टाळलं. हे खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी बटण दाबून यंत्र बंद केलं आणि पाटीवर लिहिलं, "हा कोण?"

नंतर हे होते तोवर घरात ते यंत्र लागलं नाही.

हे गेल्यावर आवराआवर करताना यंत्र बाहेर काढलं. जुने सेल यांनी टाकले नव्हते, पण त्यांवर यंत्र हललंच नाही. मग टॉर्चमधले उतरलेले सेल दुपारभर ओट्यावर ठेवले आणि घालून पाहिले. फीत रेंगाळत फिरली, आणि यांचा आवाज आला. यांचाच.

आता मी टॉर्च लावून ठेवून नवे सेल मुद्दाम उतरवते आणि मग यंत्रात घालते. दार लावते, पंखा बंद करते. बांगड्या नाहीत, रुमाल लागत नाही. यांच्या आवाजात माझ्याकडे फक्त भूमिती आहे.