मामूंची मोर्चाची स्कूटर

नगरच्या वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त वेळा फोटो आलेली गाडी कुणा पुढाऱ्याची नव्हती, आमच्या मामूंची होती. जुनी, निळी, गिअरची स्कूटर. पेट्रोल वाढलं की जो पक्ष विरोधात असेल तो मोर्चा काढायचा, मोर्चात ढकलायला एक दुचाकी लागायची आणि ती मामूंकडून न्यायची, असा रिवाजच पडून गेला होता. सरकारं बदलली, झेंडे बदलले, स्कूटर तीच राहिली. कधी तिला रिकाम्या बाटल्यांची माळ घालत, कधी बैलगाडीत चढवून दोरीने बांधत. एकदा तर हार घालून तिला श्रद्धांजलीही वाहिली होती. फोटोत स्कूटरचा नंबरसुद्धा स्वच्छ वाचता यायचा. मामू मात्र कुठल्याच फोटोत नसायचे.

गेल्या वर्षी संगमनेरला, मुलीच्या घरी, मामू वारले. फोन आला तेव्हा मी शिफ्टवर होतो. ‘बरं’ म्हणालो, फोन खिशात टाकला आणि मशीन पुन्हा चालू केलं. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. का येत नाही याचा मी मधूनमधून विचार करतो आणि मग तोही सोडून देतो.

नागापूरला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमची घरं लागून होती. मामूंनी एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवून उभं आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर चौकातल्या चहाच्या टपरीवर बाकडं धरलं. सगळी वस्ती त्यांना मामू म्हणायची, म्हणून ते सगळ्या वस्तीला भाचे म्हणायचे. माझ्या वडिलांनाही भाचे म्हणायचे, आणि वडील त्यांच्याहून वयाने मोठे होते.

स्कूटरची सुरुवात याच टपरीवर झाली. मोर्चाला आलेले सगळे कार्यकर्ते चारचाकीतून उतरले होते. महागाईने पिचलेल्या जनतेची म्हणून ढकलत न्यायला त्यांच्यात एकाकडेही साधी दुचाकी नव्हती. टपरीपुढे मामूंची स्कूटर दिसली आणि त्यांचे डोळे चमकले. मामू म्हणाले, न्या, फुकट न्या, पण माझी एक अट आहे. तुमचे नेते भाऊ आहेत ना, त्यांनी भाषणात नुसतं ‘दरवाढ मागे घ्या’ म्हणायचं नाही. तेल कंपन्यांच्या वरकड नफ्यावर कर लावा आणि त्या पैशातून पेट्रोल स्वस्त करा, हेही म्हणायचं. पोरं हो हो म्हणाली. भाऊंनी दरवाढीवर बोलून भाषण संपवलं. पुढच्या खेपेला दुसऱ्या पक्षाचे दादा आले, त्यांनाही तीच अट, त्यांच्या पोरांचंही तसंच हो हो. अट कुणीच पाळली नाही आणि मामूंनी ती घालायची सोडली नाही.

ही स्कूटर एकदा मोर्चातून परत आली ती टाकी कोरडी ठाक होऊन. पेट्रोल महागलं म्हणून ओरडायला गेलेल्यांपैकीच कुणीतरी ते काढून घेतलं होतं. मामू रागावले नाहीत, खोखो हसले. तेव्हापासून मात्र स्कूटर द्यायच्या आधी ते नळी लावून टाकीतलं सगळं पेट्रोल बाटलीत काढून घेत. “मोर्चात ढकलायचीच हाय ना? मग पेट्रोल कशाला पायजे तिला?” असं वर पोरांना विचारत. पोरं ओशाळून हसायची.

टपरीवर त्यांचा कायमचा विरोधक म्हणजे आमच्या शाळेतून निवृत्त झालेले सर. सरांना पेन्शन होती आणि पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय होती. ते म्हणत, कंपन्यांवर कर बसवला तर त्या तो आपल्याच डोक्यावर टाकणार. मामू विचारत, मग आत्ता काय हातात आणून देतात का? सर म्हणत, अहो, यातल्या बऱ्याच कंपन्या सरकारच्याच आहेत, सरकारने सरकारवर कर लावून काय साधणार? “मग तर लई सोपं झालं सर. घरातल्याच माणसाकडनं घ्यायचं हाय.” यावर सर चिडून केंद्राचा कर किती, राज्याचा किती हे सांगू लागत आणि मामू त्यांच्यासाठी आणखी एक कटिंग मागवत. जगात तेल महागलं तर ते पंपावर दुसऱ्या दिवशी कळतं आणि स्वस्त झालं तर ती बातमी यायला वर्ष लागतं, असं मामू म्हणत. सर त्यावर पुन्हा पेपर उघडत; त्यांनी हार मानली असं कधी झालं नाही.

मध्ये एकदा सरकारने तेल कंपन्यांच्या जादा नफ्यावर खरोखरच कर लावला. त्या सकाळी मामूंनी टपरीवर पेढे वाटले. सरांनी पेढा खाल्ला आणि आता पंपावर जाऊन या म्हणाले. मामू लगेच जाऊनही आले. भाव होता तिथेच होता. कर तिजोरीत गेला, माझ्या टाकीपर्यंत काही पोचला नाही, असं त्यांनीच येऊन सांगितलं. पुढे कधीतरी तो कर गुपचूप काढूनही टाकला. सरांनी ती बातमी मामूंना वाचून दाखवली नाही. सर तसे मनाने चांगले होते.

हे सगळं एका म्हाताऱ्याचं खूळ म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं असतं. पण मामींच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना शहरातल्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागे. उपचार सरकारी योजनेत फुकट होता, जाणं-येणं तेवढं आपलं होतं. सिटी बसमध्ये मामींना उभं राहवत नसे, शेअर रिक्षात कामगारांची कोंबाकोंबी. मग उरली स्कूटर. मामींना मागे बसवून, त्यांच्या ओढणीचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधून मामू निघत. परतताना मामींना ग्लानी येई, तेव्हा ती गाठ त्यांना धरून ठेवी. पेट्रोलने शंभरी गाठल्यावर मामूंनी टपरीवरचा आपला दुसरा चहा बंद केला, बिडी सोडली, बाजारालाही चालत जाऊ लागले. स्कूटर फक्त दवाखान्यासाठी राहिली.

मामींना या सगळ्याची मजा वाटायची. पेपरात स्कूटरचा फोटो आला की त्या तो कापून भिंतीला लावत. गाडी मोठी झाली, गाडीवाला आहे तिथंच राहिला, असं मला ऐकवत. मामू आतून खाकरत.

आणि मग तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी भाऊंचा स्वतःचा फोन आला. मामू, उद्या रास्ता रोको आहे, तुमची गाडी पाहिजे आणि उद्या मी कंपन्यांचं बोलणार, शब्द आहे माझा. मामूंनी सांगितलं की उद्या दुपारी डायलिसिस आहे, गाडी देता येणार नाही. भाऊ म्हणाले, बाराच्या आत घरी आणून लावतो. मामू तरी तयार नव्हते. तेव्हा पलंगावरून मामी बोलल्या. मी तिथेच बसलो होतो.

“द्या की. इतकी वर्सं त्या एका वाक्यासाठी थांबलात. उद्या बोलनार म्हनतात, तर ऐकून या. माजा नंबर दुपारचा हाय.”

सकाळी मामूंनी नेहमीसारखं पेट्रोल बाटलीत काढून घेतलं आणि स्कूटर दिली. माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर मनमाड रस्त्यावर गेलो. भाऊंनी शब्द पाळला. तेल कंपन्यांच्या वरकड नफ्यावर कर लावा, असं ते माईकवर म्हणाले आणि त्या दिवसातली सगळ्यात मोठी टाळी त्याच वाक्याला पडली. मामूंनी माझा दंड घट्ट धरला होता. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

त्यानंतर पोलीस आले. परवानगी नव्हती. भाऊ हसत हसत पोलिसांच्या गाडीत बसले, फोटो झाले. स्कूटर टेम्पोत घालून ठाण्यात नेली. मामू टेम्पोमागे पळाले, हवालदाराला दवाखान्याचं सांगितलं. हवालदार म्हणाला, साहेब आल्यावर बघू. भाऊ दुपारी सुटले आणि आपल्या गाडीने घरी गेले. स्कूटर ठाण्याच्या आवारातच राहिली. भाऊंचा फोन लागेना.

आम्ही घरी पोचलो तेव्हा मामी तयार होऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबलेला, रिक्षा एकही पुढे यायला तयार नाही. मामूंनी आत जाऊन पेट्रोलची बाटली आणली आणि ती हातात धरून दारात उभे राहिले. तिचं काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नसावं. मी चौकापर्यंत पळत गेलो, हात जोडले, काही उपयोग झाला नाही. रस्ता मोकळा झाला तेव्हा मशीनवरचा नंबर गेला होता.

दुसऱ्या दिवशी मामींना धाप लागली, दवाखान्यात ठेवावं लागलं. स्कूटर ठाण्यातून सुटली ती त्यानंतर. त्या परत आल्या, पण आधीच्या राहिल्या नाहीत. थंडीत गेल्या. त्या एका चुकलेल्या दिवसाचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामूंनी मान डोलावली. कब्रस्तानातही ते तसेच मान डोलावत होते, कुणी काहीही म्हणालं तरी.

पुढे ते टपरीवर येत, पण नुसते बसून राहत. सरांना ते बघवेना. एके दिवशी सर मुद्दाम मोठ्याने म्हणाले की कंपन्यांचं काही चुकत नाही, धंदा आहे, नफा घेणारच. मामूंना डिवचण्यासाठीच ते बोलले होते, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

“असंल, सर,” मामू म्हणाले.

सरांचे डोळे भरून आले आणि ते चष्मा पुसत बसले.

काही महिन्यांनी पुन्हा भाव वाढले. या खेपेला दादांची पोरं आली. मामूंनी अट न घालताच किल्ली टेबलावर ठेवली. एका पोराला अट माहीत होती. दादा या वेळी कंपन्यांवर नक्की बोलतील, असं तो आपणहून सांगू लागला. मामूंनी हातानेच त्याला जा म्हणून सांगितलं. पोरं स्कूटर ढकलायला वाकली, एकाने सहज किक मारून पाहिली आणि ती चालू झाली. टाकीत पेट्रोल होतं. पोरं चकित होऊन एकमेकांकडे बघत तिच्यावरच बसून निघून गेली.

मी म्हणालो, मामू, पेट्रोल काढून घ्यायचं विसरलात.

“विसरलो न्हाई, भाचे,” मामू म्हणाले. “आता त्याचा भाव कितीबी होऊ दे. मला कुठं जायचं हाय?”