आरशाचं हत्यार

शेलूबाजारजवळच्या आमच्या वावरात ज्वारी दाण्यावर आली की पाखरं हाकलायला मी लाकडी माळ्यावर चढून बसायचो. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडच्या माळ्यावर माझ्याच वयाची शेजारची पोरगी असायची. माणूस चंद्रावर जाऊन आल्याचं आम्ही रेडिओवर ऐकलं होतं, म्हणून आमचे दोन माळे म्हणजे आकाशातली जहाजं झाली. माझी गोफण ही तोफ, तिचा फुटका आरसा म्हणजे किरण. मार लागला की दोन्ही हात वर करायचे, जहाज जळालं म्हणून.

कोणतं हत्यार भारी, यावर रोज भांडण. मी म्हणायचो, ढग आले की तुझा आरसा मेला. ती तिकडून ओरडायची, "तुहं ढेकूळ येतवरी वाट पाहू काय मी? आरसा चमकला का तू खतम!" खरंच होतं ते. पण मी कायले कबूल करतो!

उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. तिलाच कोणी विचारलं नाही, तर मला कोण विचारणार? पाठवणीच्या वेळी मी आमच्या रिकाम्या वावरात उभा होतो. गोफण घरीच ठेवली होती. हातात बाबांचा दाढीचा आरसा होता. तिची बैलांची दमणी धुऱ्याजवळ आली, तसा मी कवडसा थेट तिच्या ओढलेल्या पदरावर मारला.

नवरीनं मान वर करायची नसते. तिनं केलीही नाही. फक्त हिरव्या चुड्याचे दोन्ही हात हळूहळू वर गेले.