बालाजी वाजवायचा तशी

माझ्या क्लासात पेटी वाजवताना चुकलं की पोरं खाली मान घालायची. धुरपतामावशी मात्र खूश व्हायची. चुकीची पट्टी दाबली गेली की थांबून कान द्यायची, 'न्हाई, ही ती चूक न्हाई,' म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

सेनगावात दर रविवारी माझ्या ओसरीवर क्लास चालायचा. मोबाइल गावात यायच्या आधीचे दिवस. मावशी जवळच्याच गोरेगावहून जीपने यायची, मांडीवर पेटी घेऊन. पन्नाशीची, शेतकरी घरातली बाई. पहिल्या दिवशी मी ऐटीत म्हणालो, सा रे ग म पासून सुरू करू. तिने हातच जोडले.

"मास्तर, मला गाणं न्हाई शिकायचं. बालाजी वाजवायचा तशी ती एक चाल हाताला येऊ द्या, बस."

बालाजी तिचा एकुलता एक. कनेरगाव नाक्याजवळ जीप उलटली, त्यात गेला. भजनी मंडळात बघून बघून त्याने एका भजनाची चाल बसवली होती. अंतऱ्यावरून खाली येताना त्याचं बोट घसरायचं, शेजारची काळी पट्टी दाबली जायची, लाजल्यासारखा क्षणभर थांबायचा आणि पुढे जायचा. रोज संध्याकाळी भाकरी थापताना तिने ते ऐकलेलं. टेपवर कुणी भरून ठेवलं नव्हतं. तिला ती चाल त्या घसरण्यासकट हवी होती. सगळा जन्म चुका काढण्यात गेला माझा, आता चूक शिकवायची म्हणजे कमालच झाली.

खुरपं धरून धरून तिची बोटं ताठ झालेली. भाता असा ओढायची की जणू विहिरीतून पाणी शेंदतेय. आतून बायको म्हणायची, अहो, सोडा आता त्या माउलीला. पण पोळा गेला, दिवाळी गेली, आणि भाता एका दमात चालायला लागला. मग भजनाचं धृपद आलं. मी म्हणायचो, मावशी, हात बसला. ती मानायची नाही. 'अजून माहाच हात हाय हा,' म्हणायची.

संक्रांतीनंतर एका रविवारी अंतऱ्यावरून उतरताना तिचं बोट घसरलं, काळी पट्टी वाजली, हात क्षणभर थांबला आणि पुढे गेला. तिने वाजवणं थांबवलं.

"आला बघा," एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

त्या पोराला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी अंगावर काटा आला. बायको बाहेर येऊन तिच्याजवळ नुसती बसून राहिली.

त्यानंतर मावशी घरी सकाळ-संध्याकाळ तीच चाल वाजवायची. हात मोठे बेइमान. रोज तेच करायला लावलं की सुधारत जातात, आपल्याला विचारतसुद्धा नाहीत. उन्हाळ्यात ती आली, पेटी उघडली, अंतरा घेतला. बोटं सरळ, स्वच्छ खाली उतरली. सवयीने माझ्या तोंडून 'वा' निघालं. तिचा चेहरा बघितला आणि जीभ चावली.

तिने मुद्दाम काळी पट्टी दाबून पाहिली. परत परत.

"ही माही चूक हाय, मास्तर. त्याची न्हाई." मग लेकरासारखं विचारलं, "शिकवलेलं वापस काढून घेता येत न्हाई का?"

काय सांगणार, कपाळ! एवढी चांगली तयार झालेली विद्यार्थिनी समोर बसलेली, आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हात विसरावेत म्हणून तिने पेटी माळ्यावर टाकली. फक्त दिवाळीत एकदा काढायची, तेवढी चाल वाजवून बघायची. मी फराळाच्या निमित्ताने जायचो. दर वर्षी अंतरा बिनचूक उतरायचा आणि ती पेटी झाकायची.

अशी बरीच वर्षं गेली. ती वारली त्याच्या आदल्या दिवाळीला गेलो, तेव्हा तिचे हात थरथरत होते, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मला वाटलं, यंदा तरी. मनातल्या मनात मी देवाला म्हणालो, एकदा चुकू दे तिला. तिने भाता उघडला. धृपद झालं, अंतरा झाला, बोटं न घसरता खाली उतरली.

"बराबर वाजलं," म्हणाली, आणि हंबरडा फोडून रडायला लागली.