तिसरा महिना सरेपर्यंत

“कार्सिनोमा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला शब्द कळला नाही, तेव्हा हळूच म्हणाल्या, “स्तनाचा कॅन्सर आहे, बाई.”

मी विचारलं, “मले लेकरू होईन ना?”

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मी एकोणतीस वर्षांची, लग्नाला आठ वर्षं झालेली, कूस रिकामी. वडनेरहून सेवाग्रामच्या दवाखान्यात गाठ दाखवायला आलेली, अन् डोक्यात लेकरूच! शेजारी बसलेल्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

ऑपरेशन झालं, डावा स्तन गेला. गाठीचा तुकडा बर्फात घालून मुंबईला पाठवला, इस्ट्रोजेन रिसेप्टर तपासायला. इस्ट्रोजेन हे बायकांच्या अंगातलं हार्मोन. रिसेप्टर म्हणजे पेशीत त्याची बसायची जागा. ते तिथं बसलं की गाठ वाढते. माझ्या गाठीत अशा जागा भरपूर निघाल्या.

“टॅमॉक्सिफेनची गोळी आधीच जाऊन ती जागा अडवते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं. मला लगेच समजलं. गोळी चालू असेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत, हेही त्यांनी बजावलं.

चार महिन्यांनी पाळी चुकली. पुढचीही आली नाही. जीव नुसता वर-खाली!

आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर बोलत नाहीत, नजर लागते. डॉक्टरही बाहेरचेच, असं मी आणि सासूबाईंनी ठरवलं. तपासणी चुकवली. लेकराला बाधेल म्हणून गोळ्या बंद केल्या. सासूबाई पाण्याची बादलीही उचलू देईनात. “बस ना चुपचाप, काय करून राह्यली?” म्हणून खेकसायच्या आणि पदराआडून चिंच द्यायच्या. ऐन थंडीत मला घाम फुटायचा, अंग पेटायचं. मला त्याचंही कौतुक. रिकाम्या बाजूनं दूध कसं पाजायचं, याचीच काळजी करत बसायची मी.

चौथा लागला तशा आम्ही हौसेनं दवाखान्यात गेलो. लघवी तपासली, पोट तपासलं. काही नव्हतं.

“गोळीनं कधीकधी पाळी थांबते. घामही तिचाच. बंद केली तरी असर बरेच दिवस राहतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मला आधी का नाही सांगितलं?”

मी बाकावर बसून ओक्साबोक्शी रडले. पुढचे आठ दिवस वेगळीच धास्ती. गोळीविना गाठ परत आली तर? एक्स-रे झाला, रक्त झालं. सुटले. त्या दिवसापासून सासूबाई स्वतः गोळी हातावर ठेवायच्या. “नातवाचं जाऊ दे. तू राह्य मले,” म्हणायच्या.

पोरींनो, डॉक्टरपासून काही लपवू नका. त्यांची नजर लागत नाही. मी जगले, ते त्या गोळीनं आणि दोन बायकांच्या उपकारानं. लेकरू काही झालं नाही. पाळणा दिसला की अजून वाकून आत बघते, खोटं कशाला बोलू?

आणि ते तीन महिने कोणी परत देतो म्हणालं, तर आजही घेईन. गोळी न चुकवता.