वर्खाच्या खुर्च्या आणि सर ऑब्रेंची बैठक

आमच्या गल्लीतल्या बेरिल थ्रॉसलबाईंनी आयुष्य बसमध्ये तिकिटं तपासण्यात काढलं. फुकट्या प्रवाशाला नुसत्या नजरेनं खाली उतरवायच्या. निवृत्तीनंतर त्या विक्सली हॉल या लोकांना बघायला खुल्या असलेल्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात हौसेनं राखण करायला लागल्या, तेव्हा वाटलं, आता गल्लीला जरा उसंत. कसलं काय! रोज संध्याकाळी कुंपणापाशी तिथल्या दोन खुर्च्यांचं पुराण सुरू.

खुर्च्या जॉर्ज राजांच्या काळातल्या. हातांवर कोरीव पानं आणि अंगभर सोन्याचा वर्ख, तोही असा नाजूक, की ओलं फडकं फिरवलं तरी निघून यावा. 'बसू नये' अशी पाटी लावणं आमच्याकडे उद्धटपणाचं. म्हणून बैठकीवर वाळलेलं काटेरी बोंड ठेवायचं, समजणाऱ्यानं समजावं.

सगळे समजायचे, सर ऑब्रे सोडून. हॉल त्यांच्याच घराण्याचा. तो जुने वाडे जपणाऱ्या संस्थेला देऊन ते मागच्या खोल्यांत राहायचे. दुपारी यायचे, बोंड अलगद उचलून खिडकीत ठेवायचे आणि ऐसपैस बसायचे. ते पाहून एखादा पाहुणा दुसरी खुर्ची गाठायचा. वसंतात एका हाताचा टिकलीएवढा वर्ख उडाला. व्यवस्थापिका फिलिपानं बजावलं, की आणखी कण जरी सांडला तर दोन्ही खुर्च्या गोदामात. मग सर ऑब्रेंना तिनंच का सांगू नये? तर म्हणे, घर देणाऱ्याला ऊठ कसं म्हणायचं!

बेरिलबाईंना हे कसं चालावं! त्या खुर्च्यांवर ऊन पडलं की खोली कशी उजळते, हे सांगताना त्या जितकं गोड बोलायच्या, तितकं नवऱ्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

आधी खोकून पाहिलं. सर ऑब्रेंनी मध घ्यायला सांगितला. दोन बोंडं ठेवली. दोन्ही खिडकीत गेली. शेवटी एका गुरुवारी बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर ऑब्रे, तुमची हरकत नसेल तर..."

"छे छे, अजिबात नाही," म्हणत त्यांनी पाय पसरले.

"म्हणजे, या खुर्चीत..."

"झकास आहे ना?"

बाईंचा संयम संपला. "उठा," त्या म्हणाल्या. "वर्ख झडतोय. खुर्च्या गोदामात गेल्या, तर तुम्हीही मुकाल आणि मीही."

पाहुणे छताकडे बघायला लागले. सर ऑब्रे खरंच उठले, पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "मग मी बसू कुठं? मागं दिवसभर एकटाच असतो हो. इथं चार माणसं दिसतात."

खोलीत बसण्याजोगी एकच वस्तू उरली होती, राखणदाराची घडीची खुर्ची. बाईंनी दात-ओठ खात ती उघडून दिली.

खुर्च्या वाचल्या. पण आता दाराशी बसलेला म्हातारा हाच राखणदार, असं समजून पाहुणे सगळं त्यांनाच विचारतात, आणि ते तोंडाला येईल ते सांगतात. काल एका सहलीला सांगितलं, की डावीकडच्या खुर्चीत एक राणी बाळंत झाली. बेरिलबाई दिवसभर उभ्या, त्यांच्या थापा निस्तरत.

"खोटारडा मेला," संध्याकाळी पोटऱ्या चोळत त्या म्हणाल्या. "वर मला म्हणतो, खुर्ची टोचते, उद्या उशी आणा."

नेणार का, असं विचारलं, तर खेकसल्याच. "नेते झालं. नाहीतर परत त्या वर्खाच्या खुर्चीतच जाऊन बसायचा."