चादरींच्या आडचा कोळसा

एल्फ्रिडे पिओन्टेक ही माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिने कधी कुणाचं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. आमच्या हेलेने, मागडालेने या कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडल्या. गेल्या वर्षी तर गावच शेजारच्या शहराने गिळलं. पाटीवर आता शहराचं नाव मोठं आणि आमचं खाली बारीक. ही बाई मात्र पत्रावर गावाचंच नाव लिहिते, आणि तिची पत्रं पोचतातही.

मग आमच्या घरांमागे बालवाडी बांधायचं ठरलं. शहरातून डालमान इंजिनियर नकाशे घेऊन आले. एल्फ्रिडेचा नवरा ब्रुनो खाणीतला निवृत्त मुकादम, महाकडक. चोरून कोळसा काढणाऱ्या दोघांना त्याने कामावरून घालवलं होतं.

"जमीन पक्की आहे," तो म्हणाला. "या गावाखालचं प्रत्येक भोक मला पाठ आहे."

एल्फ्रिडे हात पुसत कुंपणाशी आली. "एक राहिलंय. पोरं खेळणार, बरोब्बर तिथेच."

"बाई, नकाशात तसं काही नाही," डालमान म्हणाले.

"नकाशाला आम्ही आवतण दिलं नव्हतं, साहेब."

ब्रुनो हसला. "हिला काय कळतंय खाणीतलं!"

तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती थांबली. खरं सांगितलं तर चारचौघांत त्याची अब्रू जाणार होती. पण पोरं तिथे खेळणार होती.

"मीच खणलंय. लढाईनंतरच्या थंडीत, आईबरोबर. कोळशाच्या गावात कोळसा मिळत नव्हता. चहूबाजूंनी चादरी वाळत घालायच्या आणि मधे खणायचं."

तिची आई ओटिलिये आठवड्यातून तीनदा चादरी धुवायची. आणि आम्ही खुळे तिच्या स्वच्छतेचं कौतुक करायचो!

डालमाननी तिथे ड्रिल लावलं. तीन मीटरवर ते एकदम खाली पोकळीत गेलं.

ब्रुनो लालबुंद झाला. "आणि मी तुला भेटायला यायचो, तेव्हाची ती शेगडी?"

"त्याच कोळशाची. चांगला जवळ सरकून बसायचास की!"

कामावरून घालवलेली ती दोन माणसं ब्रुनोला आठवली असणार, मला तरी आठवली. मग त्याने टोपी काढली आणि डालमानच्या हातून पेन्सिल घेतली. "खाण म्हटली की बाईचं नाव हवं, ही आमच्याकडची रीत आहे," असं म्हणत त्याने नकाशावर गोल काढला आणि लिहिलं, 'ओटिलिये'.

"आणि मुकादम कोण?" एल्फ्रिडेने विचारलं.

त्याने खाली तिचं नाव लिहिलं.