उभा उजेड

त्या वर्षी आमची कंपनी गडचिरोलीच्या दक्षिण भागात तैनात होती. मी हवालदार, एक नंबर सेक्शनचा कमांडर. हाताखाली आठ जवान. पहाटे पाचला रोलकॉल, सहाला गस्त, संध्याकाळी हत्यारांची सफाई, नऊला दिवे बंद. तीन महिने याच्यापलीकडे काही घडलं नव्हतं.

ऑक्टोबरात, अमावास्येच्या आदल्या दिवशी खबर आली. नाल्याकाठच्या एका वस्तीत बंदूकधारी गट मुक्कामाला होता. संध्याकाळी सातला कंपनी कमांडर साहेबांनी ब्रीफिंग घेतलं. माझ्या सेक्शनने टेकडीवर थांबायचं आणि उजाडताच नाल्यातून वस्तीकडे उतरायचं. दोन नंबर सेक्शन घेऊन नाईक गणपत नाल्यातच, वस्तीच्या अलीकडे, दबा धरून बसणार होता.

“उजाडण्याआधी नाल्यात जे हलेल ते दुश्मनाचं,” साहेब म्हणाले. “एक चॅलेंज, मग फायर. फर्स्ट लाइटपर्यंत वायरलेस बंद.”

रात्री अकराला निघालो. वाटेत ओढा ओलांडताना मी घसरून पडलो. घड्याळात पाणी गेलं आणि काटे एक दहावर थांबले. सेक्शनमध्ये दुसरं घड्याळ एकाकडेच होतं आणि तो तापाने कॅम्पमध्ये पडला होता. मी कुणाला काही बोललो नाही. उजाडल्यावर उतरायचं, त्याला घड्याळ कशाला, असा विचार केला.

टेकडीवर आडवे पडून राहिलो. कपडे ओले होते. उशीर झाला तर गट निसटणार, एवढंच डोक्यात होतं. किती वेळ गेला कळत नव्हतं. मग पूर्वेला क्षितिजावर फिकट उजेड दिसला. झाडांचे शेंडे ओळखू येऊ लागले.

“उठा,” मी म्हणालो.

आमच्यासोबत वाट दाखवायला जवळच्या गावचे रामदासभाऊ होते. पन्नाशीचे, धानाची शेती करणारे. त्यांनी माझा हात धरला.

“हवालदार, थांबा. हा दिवस नाई.”

“काऊन?” लान्स नाईक मधुकरने विचारलं. तो गोंडपिपरीकडचा, सर्वांत पुढे चालणारा माझा स्काउट.

“दिवस आडवा पसरते. हा उभा हाय, पाहा. अन् पांढरा हाय. पाखरू तरी बोललं का?”

मी पाहिलं. उजेड खाली रुंद, वर निमुळता, किंचित कललेला होता. मला तो पहाटेचाच वाटला. खरं सांगायचं तर तो पहाटेचा असावा, असंच मला हवं होतं.

“मधुकर, पुढे हो.”

“जी.”

नाल्यात उतरलो तसा अंधार पुन्हा दाट झाला. पाण्याचा आवाज मोठा होता. गणपतच्या माणसाने ‘थांब, कोण आहे?’ असं चॅलेंज दिलं होतं, हे चौकशीत समजलं. आम्हाला ऐकू आलं नाही. पहिली फैर डोक्यावरून गेली. सगळे दगडांआड पडलो. मी वायरलेस सेट उघडायला लावला. पलीकडून उत्तर नाही. गणपतचा सेट बंद होता. असणारच, तसा हुकूम होता.

दुसरी फैर खाली आली. आमच्या एकाच्या खांद्यात गोळी घुसली. तेवढ्यात मधुकर गुडघ्यांवर उठला.

“गणपत! मी मधू बे! आपलेच हाओत!”

तिसरी फैर त्याला लागली. त्यानंतर फायर थांबला. गणपतने आवाज ओळखला होता. तो धावत आला. त्याच्या घड्याळात चार चाळीस झाले होते.

मधुकर सूर्य उगवण्याआधी गेला. वस्ती रिकामी सापडली.

चौकशीत मी सांगितलं, “मला उजाडलं असं वाटलं.”

“चार चाळीसला?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

माझी बढती थांबली, ते योग्यच झालं. पुढे चंद्रपुरात एका विज्ञान शिक्षकांनी कागदावर आकृती काढून समजावलं. सूर्याभोवती, ग्रह फिरतात त्या प्रतलात, बारीक धूळ पसरलेली असते. तिच्यावर ऊन पडतं आणि ती चमकते. पावसाळा सरल्यावर, चंद्र नसलेल्या रात्री, शहरांपासून दूर, पहाटेच्या आधी पूर्वेला ती अशी उभी दिसते. रामदासभाऊंना धुळीचं ठाऊक नव्हतं. पण रात्रभर शेतावर जागली करून तो उजेड त्यांनी कितीदा तरी पाहिला होता.

हे कळण्याआधीच, त्याच वर्षी थंडीत, मी मधुकरच्या गावी जाऊन आलो होतो. त्याची आई अंगणात धान पाखडत होती. मी सगळं सांगितलं. मी त्याला वेळेआधी उतरवलं, हेही. तिने सूप खाली ठेवलं.

मग विचारलं, “मोठ्यानं वरडला का तो?”

“हो, बाई. नाल्याच्या पार ऐकू गेलं.”

“लई लाजरा होता,” ती म्हणाली. “भूक लागली तरी मले हळूच येऊन कानात सांगे.”